खारीने राखलेलं नाताळचं सामान

वसईकडच्या एका रानात, जुन्या फणसाच्या ढोलीत एक खार राहत असे. रानाच्या कडेला चर्च होतं. त्याची घंटा ऐकून ऐकून रानातले प्राणीही नाताळ साजरा करू लागले होते. आणि नाताळ म्हटलं की केक हवाच! तो भाजायची सशीण, वर-खाली निखारे ठेवून. सामान मात्र आधीपासून साठवावं लागे. म्हणून पावसाळा सरताच प्रत्येकाने तोंडचा घास काढून काही ना काही आणलं. सशिणीने तांदूळ आणले, कावळ्याने खोबरं, माकडाने काजू, मुंग्यांनी गुळाचे खडे. ठेवायला कोरडी ढोली एकट्या खारीची. "निर्धास्त राहा," खार म्हणाली, "एक दाणा हलू देणार नाही." आणि बाईसाहेबांनी शब्द पाळला हो, अगदी नको इतका पाळला!

तिने ढोलीचं तोंड पाल्याने बुजवलं, वरून मातीने लिंपलं आणि बाहेर शेपटी फुगवून बसली. पान हललं तरी ती ताडकन उठे. एकदा कावळा जवळच्या फांदीवर टेकला, तर ही केवढ्याने ओरडली, "हो बाजूला, चोरा!" कावळा बिचारा चाटच पडला. "अगं, त्यात माझंही खोबरं आहे. माझंच मी चोरीन होय?" खार म्हणाली, "मोठा आला साळसूद! ऊठ आधी तिथून." त्या दिवसापासून तिचा कुणावरच विश्वास उरला नाही.

मग मुंगी आली. "खारताई, असं बंद ठेवलं की सामान ओलसर होतं गं. एकदा बाहेर काढून ऊन दाखव. आम्ही वारुळातले दाणेसुद्धा उन्हात घालतो." खार फिस्कारली, "उघड्यावर पसरू? म्हणजे चोरांना आमंत्रणच की!" मुंगी गेली, पण थोड्या दिवसांनी पुन्हा आली. "ताई, ढोलीतून कुबट वास येतोय." आता मात्र खार घाबरली. उघडून बघावं का? तिने मातीला नखं लावलीसुद्धा. एवढ्यात डोक्यावरून कावळा ओरडत गेला आणि तिने घाईघाईने आणखी माती थापली. काय म्हणावं हिला!

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळीच सशिणीने चूल पेटवली आणि पातेलं घेऊन ती फणसाखाली आली. मागे तिची पिल्लं, त्यांच्या मागे सगळं रान. खारीने माती फोडली, पाला ओढला. भपकन वास आला आणि पिल्लांनी नाकं दाबली. तांदळाला जाळी धरली होती, त्यात अळ्या वळवळत होत्या. खोबरं काळं पडलेलं, काजू खवट झालेले, गूळ पाझरून सगळ्याचा चिखल झालेला. खारीला मान वर करवेना.

सगळ्यांत धाकटं पिल्लू म्हणालं, "आई, आता केक कशाचा गं?"

सशीण चूल विझवायला वळली. तेव्हा खारीला रडू फुटलं. "चोर आलाच नाही गं! मीच घालवलं सगळं."

तात्पर्य : दुसऱ्याने विश्वासाने दिलेली ठेव नुसती राखून भागत नाही, ती वेळोवेळी उघडून, निगुतीने जपावीही लागते.