पहिलं तास

फार फार पूर्वी, राजेसुद्धा चिखलात पाय घालून पिकं बघायचे, तेव्हाची ही गोष्ट. म्हणजे किती जुनी, ते तुम्हीच ठरवा!

एका राज्यात नांगर घडवणारा एक लोहार होता. त्याच्या मुलखात एक रीत होती. नांगर विकला म्हणजे काम संपलं, असं नव्हे. घडवणाऱ्यानं घेणाऱ्याच्या शेतात जायचं, स्वतः मूठ धरायची आणि पहिलं तास, म्हणजे नांगराची पहिली सरळ रेघ, मारायचं. जमीन कडक लागली तर फाळ जरा वर घ्यायचा, भुसभुशीत लागली तर खाली. मग बांधावर बसून त्या घरची भाकरी खायची. ती भाकरी पोटात गेली, की व्यवहार पुरा.

लोहाराचा पहिला नांगर त्याच्या जिवलग मित्रानं घेतला. मित्राची जमीन काळी, चिवट, दगडगोट्यांची. लोहारानं घामाघूम होऊन तास मारलं, तसा मित्र बांधावरून ओरडला, "वा रे गड्या! सुतासारखं सरळ!"

पुढं लोहाराचं कौतुक खूप झालं. खुद्द राजानं केलं. पण ते कानापर्यंतच पोचलं हो. मित्राचं मात्र काळजात जाऊन बसलं होतं.

नांगर चांगला, म्हणून मागणी वाढली. लोहाराच्या झोपडीची लोहारशाळा झाली, लोहारशाळेचा कारखाना झाला. नांगरामागून पेरणीची यंत्रं आली, मळणीची आली. शेवटी लोहारानं वाफेवर चालणारा लोखंडी नांगर घडवला. बैल नाही, जू नाही, आपला आपण चालायचा. कसा, ते विचारू नका. गोष्टीत चालतं!

आता इतक्या शेतांत जाणार कोण? म्हणून कारखान्यामागं मातीचा एक तुकडा राखला. प्रत्येक यंत्र त्यात फिरवायचं, चाललं की पाठवून द्यायचं. रोज नांगरून नांगरून ती माती पिठासारखी मऊ झाली होती. तिच्यात काय, खुरपंही धावलं असतं! पण हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मित्रानंही लोखंडी नांगर घेतला आणि निरोप धाडला, "गड्या, पहिलं तास तुझ्या हातचं हवं. ये."

लोहारानं उलट निरोप दिला, "या हंगामाला जमत नाही. पुढच्याला नक्की."

पुढच्या हंगामाला राजाचं काम निघालं. त्याच्या पुढच्याला नवी भट्टी लावायची होती. निरोप येत राहिले, आणि "पुढच्याला नक्की" जात राहिलं. असं नव्हे, की लोहाराला जावंसं वाटत नव्हतं. गादीवर बसल्या बसल्या त्याला नांगरलेल्या मातीचा वास यायचा, तळहात शिवशिवायचे, मित्राच्या आठवणीनं जीव तुटायचा. पण उठणं काही व्हायचं नाही. निरोप यायचे थांबले, तेही त्याला उशिरा कळलं.

एकदा राजवाड्यात मेजवानी होती. पंचपक्वान्नांच्या ताटासमोर बसून लोहार आचाऱ्याला म्हणाला, "एक भाकरी मिळेल का?" आचाऱ्यानं पातळ, तूप लावलेली भाकरी आणली. लोहारानं घास तोंडात घातला आणि भरल्या ताटावरून उठला. थेट मित्राच्या गावची वाट धरली.

अंगणात मित्राची बायको धान्य पाखडत होती. तिनं मान वर केली.

"आलात, भावजी?"

"आलो, वहिनी. गडी कुठं आहे?"

तिच्या हातातलं सूप थांबलं. "गेले. मागच्या उन्हाळ्यातच."

लोहारानं वळून पाहिलं. लिंबाखाली लोखंडी नांगर उभा होता. लख्ख पुसलेला, आणि एकही तास न मारलेला.

"शेजाऱ्यांचे असले नांगर इथल्या चिवट जमिनीत रुतून बसले," वहिनी म्हणाली. "गाव म्हणालं, मोडीत काढा. हे ऐकेनात. 'माझा गडी येईल, पहिलं तास मारील, मग बघा,' म्हणायचे. शेवटी शेवटी खाटसुद्धा रस्त्याच्या तोंडाला टाकायला लावली."

 लोहार नांगरावर चढला आणि तो शेतात घेतला. चार पावलं गेला नाही तोच तो रुतला. लोहार खाली उतरला. ढेकूळ हातात घेऊन चुरडून पाहिलं. मग फाळ दोन बोटं वर घेतला. बस्स, एवढंच! नांगर चालू लागला. तास पार शेवटापर्यंत गेलं, सुतासारखं सरळ.

लोहारानं सवयीनं बांधाकडे पाहिलं. बांध रिकामा होता.

थोड्या वेळानं वहिनी भाकरी घेऊन आली. रीत होती ना. लोहारानं ती रडत रडत खाल्ली. व्यवहार पुरा झाला, पण ज्याच्याशी झाला होता, तो कुठं होता?

परतल्यावर लोहारानं कारखान्यामागच्या त्या मऊ तुकड्यात झाडं लावून टाकली. घडवणारा घेणाऱ्याच्या बांधावर भाकरी खाऊन येईल, तेव्हाच यंत्र विकलं म्हणायचं, असं ठरलं. यंत्रं कमी विकली जाऊ लागली, पण रुतून कुणाचं बसलं नाही. लोहार म्हातारपणापर्यंत स्वतः जात राहिला. आणि प्रत्येक तासाच्या शेवटी एकदा बांधाकडे बघत राहिला.

तात्पर्य: ज्यांच्यासाठी आपण राबतो, त्यांच्याकडे जाणं पुढच्या हंगामावर टाकू नये; काम थांबून राहतं, माणूस थांबत नाही.