तांबड्या समुद्रातली गोणी

"मेलेला माणूस हलतो का, बाबा?"

कमालबाबांनी मान वर केली. फकीर होण्याआधी ते तीस वर्षं शिडाच्या गलबतावर तांडेल होते. आता जयगडच्या खडकावर झोपडीत एकटे राहत.

विचारणारा बुऱ्हाण होता. डाक घेऊन सुएझला जाणाऱ्या आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकणाऱ्यांचा सारंग, म्हणजे मुकादम. आगबोटी तेव्हा नव्या होत्या, आणि बुऱ्हाणचा तोरा त्याहून नवा. गावात आला की हा पठ्ठ्या शिडाच्या माणसांना वेड्यात काढायचा.

आज त्याचा चेहरा उतरला होता.

"कोण हलला?"

"याकूब. माझ्या बहिणीचा नवरा. तांबड्या समुद्रात भट्टीपुढं कोसळला. अंगाला हात लावला तर चटका बसला. नाडी लागेना. मी म्हटलं, संपला."

"मग?"

"कोळशाच्या गोणीत शिवला. पायाला लोखंड बांधलं. दुआ वाचली. फळी कलती केली, तेव्हा..."

"बोल."

"गोणी हलली."

बाबा त्याच्याकडं वळून बसले.

"आगबोटीवर सगळंच हलतं, बाबा! खाली यंत्र धडधडतं. ताटली हलते, दिवा हलतो. निजलेल्या माणसाचे दात वाजतात."

"अशा धडधडीत तुला नाडी कशी कळली?"

मग बाबांनीच पुढं विचारलं.

"गलबतावर माणूस गेला तर आम्ही काय करायचो?"

"शीड उतरवून त्याच्याजवळ बसायचात. नमाजाच्या एका बांगेपासून दुसऱ्या बांगेपर्यंत."

"ठाऊक होतं तर."

"डाक होती, बाबा. कप्तान घड्याळ घेऊन उभा होता. आणि आगबोट कुणासाठी थांबत नाही, हे मीच गावभर सांगत फिरलो होतो..."

ही गोष्ट सांगताना मला बुऱ्हाणची कीव येते, आणि चीडही.

"बहीण रोज विचारते, जाताना त्यांना त्रास झाला का. उद्या मला बोटीवर जायचंय. तुम्ही एकदा म्हणा, तो मेलेलाच होता. तेवढं घेऊन मी तिच्यापुढं जातो."

बाबा चटईवर आडवे झाले. पाय सरळ केले, हात अंगालगत घेतले, डोळे मिटले.

"बाबा?"

बुऱ्हाणनं बाबांच्या छातीवर हात ठेवला. भट्टीपाशी वर्षं काढलेला तो हातच थरथरत होता. काय हलतंय ते त्याला कळेना. कान लावला, तर बाहेरच्या लाटाच ऐकू आल्या.

गावात जाऊन चार माणसं आणावीत, म्हणून तो उठला. दारापर्यंत गेला. परत येऊन बसला.

त्यानं बाबांच्या ओठांपाशी गाल नेला आणि तसाच वाकून राहिला. पाठीला रग लागली. ऊन उंबरा ओलांडून आत आलं. तो रडू लागला होता, आणि तोंडानं याकूबचं नाव घेत होता.

दुपारची बांग झाली, आणि त्याच्या ओल्या गालाला श्वास लागला.

बाबांनी डोळे उघडले.

"आज बरा थांबलास."