घाटातला मनोरा आणि दुधाचा टेम्पो

घाटमाथ्यावर मोबाईलचा मनोरा नवा नवा उभा राहिला, तेव्हाची गोष्ट. त्याचे निरोप पापणी लवायच्या आत तालुक्याला पोचत, म्हणून त्याची मान कायम ताठ असे. डोंगराआडच्या धनगरवाडीला मात्र त्याची रेंज नव्हती.

एकदा वाडीतली विहीर आटली. तिने दुधाच्या टेम्पोला सांगितलं, "बाबा, तालुक्याच्या टँकरला एवढा निरोप दे." टेम्पो गोठ्यागोठ्याशी थांबत, धापा टाकत घाट चढला.

मनोरा हसला. "संध्याकाळी पोचणार तुझा निरोप. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच."

"उशिरा का होईना, घोडं येतं," टेम्पो म्हणाला आणि उताराला लागला.

दुसऱ्या दिवशी टँकर वाडीकडे गेला. मनोऱ्याने तिकडे पाहिलंच नाही.

पुढे एका वादळात मनोऱ्याची विजेची तार तुटली. जगाचे निरोप पोचवणाऱ्याला आपण बंद पडलोय, एवढंही कुणाला कळवता येईना. सकाळी टेम्पो दिसताच तो हळूच म्हणाला, "खाली निघालात का? वायरमनला तेवढं सांगाल? जरा लवकर."

"सांगतो की. पण वाटेत अजून दोन गोठे घ्यायचेत."

टेम्पो डुलत डुलत गेला. मनोरा दिवसभर वळणाकडे डोळे लावून घोड्याची वाट बघत उभा राहिला.