टेम्पोचे झगझगीत दिवे

गाड्यांना वाचा होती, त्या काळची गोष्ट. घाटातून भाजी वाहणाऱ्या एका टेम्पोने मागचे मिणमिणते दिवे काढून झगझगीत बल्ब बसवून घेतले. "आता धुक्यातही मीच उठून दिसेन!" तो ऐटीत म्हणाला.

मागून येणारी म्हातारी जीप म्हणाली, "अरे लेका, डोळे दिपतात माझे."

"जळतेस तू!" टेम्पो हसला.

पुढच्याच वळणावर म्हैस आडवी आली. टेम्पोने करकचून ब्रेक मारला. ब्रेकचा दिवा लागलाही, पण त्या लखलखाटात जीपला तो कळलाच नाही. ती धाडकन आदळली. टोमॅटो रस्ताभर घरंगळले.

"थांबताना सांगायचं तरी!" जीप कळवळली.

"सांगितलं की!"

"सांगितलं असशील. पण मघापासून त्या दिव्यांनी नुसता ओरडतोयस तू, त्यात हाक कुठली ओळखू येणार?"