गुणाजीची बिनदुधाची हळद

एका गावात एक भोळा पाडेली होता. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. त्याचं नाव गुणाजी. माडावर तो कधी चुकला नाही. माड माणसाला एकच गोष्ट सांगतो. वर चढ आणि नारळ संपले की खाली उतर. घोटाळा व्हायचा तो जमिनीला पाय लागल्यावर. जमिनीवर माणसं असतात आणि ती रोज काहीतरी नवीन सांगतात.

गुणाजी सांगितलेलं विसरत मात्र नसे. लहानपणी त्याची आये, सुंदराबाई, एकदा म्हणाली होती की शिकवलेलं गाठ मारून ठेवावं. तेव्हापासून त्याच्या खांद्यावर पंचा आणि पंच्याला गाठी. शिकवण मिळाली की गाठ. गाठ पडली की शिकवण पक्की. मग पहिली जागा दिसेल तिथे तो ती वापरून मोकळा व्हायचा.

तिशी आली तेव्हा आयेने त्याच्यासाठी शेजारच्या गावची मुलगी बघितली. तातू धुरीची शेवंती. शेवंतीने गुणाजीला माडावर बघितलं होतं, जमिनीवर बघितलं नव्हतं, म्हणून ती लगेच हो म्हणाली. राहिला तातू.

तातूला आधीचे दोन जावई होते. दोघे हुशार. सासऱ्याने काही सांगितलं की ते उलट त्यालाच शिकवायचे. तातू कंटाळला होता. त्याला असा जावई हवा होता जो सांगितलेलं ऐकेल आणि सासऱ्याला शहाणपण शिकवणार नाही.

या तातूला दूध सोसत नसे. दूध पोटात गेलं की घटकाभरात तो परसाकडे धावायचा. त्यात तालुक्याच्या गावी एक आरोग्य शिबिर झालं. तिथे त्याने ऐकलं की नारळाच्या रसात हळद घालून प्यावी, दुधाची गरजच नाही. त्या दिवसापासून त्याला दुसरा विषय राहिला नाही. हळदीने खोकला जातो, असं तो खोकत खोकत सांगायचा. सांधे मोकळे होतात, असं सांगून झाल्यावर त्याला उठवायला दोन माणसं लागायची. झोप गाढ लागते, हे तो ज्याला सांगायचा त्याला मात्र खरंच लागायची.

तातूने सुंदराबाईला निरोप धाडला. मी तीन वेळा येईन. मुलाने स्वतःच्या हाताने मला एक पेला बिनदुधाची हळद करून द्यायची. तीन वेळांत एकदा तरी पेला नीट मिळाला तर मुलगी दिली, नाहीतर तुमचा मुलगा माडावरच बरा.

पहिल्या वेळी तातू आला तेव्हा आये पाणी भरायला गेली होती. तातू ओटीवर बसला, खोकला आणि म्हणाला, नारळाच्या रसातली गरम हळद आण बाबा, घशाला बरं वाटेल.

गुणाजीने नारळ खवला, रस काढला, हळद कालवली, कोमट केली. घशाला बरं वाटायला हवं होतं, म्हणून ती त्याने तातूच्या घशाला फासली. कानापासून कानापर्यंत फासली. उरली ती मानेला, कारण मान घशाच्या मागेच असते. आये घागर घेऊन आली तेव्हा पाहुणा पिवळा होऊन बसला होता आणि त्याच्या सदऱ्यात ओघळ उतरत होते.

तातू गेल्यावर आये म्हणाली, "अरे, हळद अंगाला फासायची नसते. ती पोटात घ्यायची असते. नारळाचा रस घ्यायचा, त्यात हळद, मिरपूड, आलं, गूळ घालायचा, गरम करायचं आणि प्यायचं. जो काय गुण येतो तो पोटातून येतो."

"चुकलं, आये," गुणाजी म्हणाला. "गाठ मारली."

दुसऱ्या वेळी त्याने सगळं बरोबर घातलं. मिरी कुटली, आलं ठेचलं, गूळ किसला. मग पातेलं चुलीवर ठेवून त्याने खाली अशी लाकडं सारली की जणू पंक्तीची आमटी करायची आहे. रस उकळला, फुटला, वर तेल आलं आणि खाली चोथा बसला. तातूने पेल्यात बघितलं. पेल्यातून काहीतरी आपल्याकडे बघतंय असं त्याला वाटलं, म्हणून त्याने तो खाली ठेवला.

आयेने गुणाजीला मागीलदारी नेलं. नारळाचा रस कधी उकळायचा नसतो, तिने हळू आवाजात सांगितलं. कडेला वाफ दिसली की पातेलं खाली. तिथे क्षणभरही थांबायचं नाही.

"चुकलं, आये. गाठ मारली."

मग आये तातूला म्हणाली, जेवूनच जा, तोवर मी बंदरावरून मासे घेऊन येते. गुणाजीला तिने चुलीवरच्या भाताकडे बघायला सांगितलं. गुणाजी भाताकडे बघत बसला. कडेला वाफ दिसली. त्याने पातेलं खाली उतरवलं आणि क्षणभरही थांबला नाही.

आयेने आमटी वाढली, तळलेला बांगडा वाढला, भात वाढला. तातूने पहिला घास घेतला आणि त्याच्या तोंडात कट्ट असं वाजलं. उजवीकडची दाढ त्याने तळहातावर घेतली, पंच्यात बांधली आणि बांगडा तसाच टाकून उठला. बांगडा टाकून उठलेला माणूस त्या गावात त्याआधी कोणी बघितला नव्हता.

आये कपाळाला हात लावून बसली. मग तिने समजावलं की भात उतरवण्याआधी एक शीत बोटात धरून दाबायचं. एक दाबलं की सगळ्यांचं कळतं. शिजलंय की कच्चं आहे, प्रत्येकाला विचारत बसावं लागत नाही.

"चुकलं, आये. गाठ मारली."

आता एकच वेळ राहिली होती. गुणाजीला ते कळत होतं. तो रात्रंदिवस पंच्याच्या गाठी चाचपायचा. शेवंतीला त्याने एकदाच बघितलं होतं, माडाच्या शेंड्यावरून, पण तेवढ्यात त्याच्या हातचा नारळ निसटून खाली पडला होता. असं आधी कधी झालं नव्हतं.

तिसऱ्या वेळी तातू एकटा आला नाही. दोन्ही हुशार जावई आले आणि तातूची थोरली बहीण बायोआत्या आली. बायोआत्याचं वय पंचाहत्तर. तिच्यापुढे घरात कोणी बोलत नसे. चौघे ओटीवर ओळीने बसले.

गुणाजीने पेय आधीच करून ठेवलं होतं. वाफ दिसताच उतरवलं होतं, तेव्हा ती काळजी नव्हती. काळजी या चौघांची होती. ही माणसं कशी असतील, आपलं लग्न जमवतील की मोडतील, कसं कळावं? त्याने तिसरी गाठ चाचपली. कडेला बायोआत्या होती. गुणाजीने तिचा दंड अंगठा आणि बोटात धरला आणि नीट दाबला.

मग आत वळून म्हणाला, "आये, ही तर पार शिजली आहे."

थोरला जावई छताकडे बघू लागला. आयेने पदर तोंडाला लावला. बायोआत्याने आधी दंडाकडे बघितलं, मग गुणाजीकडे. गुणाजी अदबीने उभा होता.

तेवढ्यात त्याला पेल्यांची आठवण झाली आणि तो आतून घेऊन आला. पातेलं सकाळपासून उघडं होतं. गुळाचा वास घेत वळचणीच्या सगळ्या मुंग्या त्यात उतरल्या होत्या. तातूने पेला तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला. तीन वेळा झाल्या, तो म्हणाला. चला.

बायोआत्या उठली नाही. तिने बोटाने मुंग्या बाजूला केल्या आणि पेला रिकामा केला. तोंड पुसून ती म्हणाली, "चांगलं झालंय. आलं बेताचं आहे, फुटलेलंही नाही. मुंग्या त्याने घातल्या नाहीत, त्या आपल्या पायाने आल्या. आणि तातू, पंचाहत्तर वर्षं मी या घराण्यात शिजते आहे. आजवर कोणी दाबून बघितलं नव्हतं. मुलगी याला द्यायची."

तातूने मान खाली घातली. पण जाताना अट घालून गेला. लग्नात एक जरी चूक झाली, तर मांडवातून मुलगी उचलून परत घरात नेईन.

पाहुणे दिसेनासे झाल्यावर आयेने गुणाजीला शेवटचं शिकवलं. गुळाचं काही असलं की ते असं उघडं ठेवायचं नसतं. मुंगी दिसली की उचलायचं, पाण्यात नेऊन ठेवायचं आणि वर टोपली घालायची. मग मुंगी त्याच्या वाटेला जात नाही.

"चुकलं, आये. गाठ मारली."

लग्न तातूच्या दारी ठरलं. आदल्या दिवशी नवऱ्याच्या घरी हळद. त्या भागात रीत अशी की हळद आधी नवऱ्याला लावायची आणि तीच उरलेली नवरीकडे पाठवायची. नवरीला दुसरी हळद लावत नाहीत. सुवासिनींनी जात्यावर गाणी म्हणत हळद दळली, पितळी पातेल्यात भिजवली, आणि वाजंत्री येईपर्यंत जेवून घेऊ म्हणून मागच्या पडवीत गेल्या.

गुणाजी पाटावर बसला होता. समोर पातेलंभर हळद होती आणि ती या बायका आपल्या अंगाला फासणार होत्या. बिचाऱ्यांना कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं. त्याने पहिली गाठ चाचपली आणि तो उठला. पाच नारळांचा रस काढला, त्यात ती सगळी हळद कालवली, मिरी कुटली, आलं ठेचलं, गुळाची अख्खी ढेप फोडून घातली. वाफ दिसताच उतरवलं. दोन तांबे स्वतः प्यायला. उरलेलं कळशीत ओतलं, वर केळीचं पान बांधलं आणि पाटावर येऊन बसला. बायका परत आल्या तेव्हा त्याने सांगितलं की हळद घेऊन झाली, पोटभर घेतली, गुण पोटातूनच येतो. आयेने दारात मटकन बसकण मारली. तोवर नवरीकडे हळद नेणाऱ्यांनी कळशी उचलली होती आणि वाजंत्री वाजत पुढे गेली होती.

तातूच्या घरी केळीचं पान सोडलं तर आत पातळ, गोड, मिरीचा वास येणारी हळद. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एकीने बोट बुडवून चाटलं. शेवंती म्हणाली, ही मी प्यायची आहे असं वाटतं. तिला कोणी विचारलं नव्हतं. त्या गावात शहाण्या बायका पुष्कळ होत्या. त्यांनी विचार केला आणि ठरवलं की त्यांच्याकडची रीत असेल. नवऱ्याकडची हळद परत पाठवायची नसते आणि दुसरी लावायची नसते. त्यांनी शेवंतीला ती केसांपासून पायांपर्यंत चोळली. ती इतकी चिकटली की पाण्याने जाईना. इतकी टिकणारी हळद आपण जन्मात बघितली नाही, असं सगळ्या म्हणाल्या, आणि शुभ आहे म्हणून राहू दिली. तातूने तर ही कातडीला किती चांगली याची सगळी माहिती दिली. शेवंती सकाळपर्यंत शिंकत होती.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. अंतरपाट धरला. अलीकडे गुणाजी, खांद्यावर गाठींचा पंचा. तो काढून ठेव असं आये म्हणाली होती, पण आज तर त्याची फारच गरज होती. पलीकडे शेवंती. भटजींनी मंगलाष्टका सुरू केल्या. शेवंती एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायची, मान झटकायची, दंड खाजवायची. मुलगी लाजते आहे, असं बायका म्हणाल्या.

गुणाजी खाली मान घालून उभा होता. त्यामुळे मांडवात फक्त त्यालाच दिसलं. मांडवाच्या खांबाच्या, त्या मेढीच्या बुंध्यातून मुंग्यांची रांग निघाली होती. ती अंतरपाटाखालून पलीकडे जात होती आणि पिवळ्या लुगड्याच्या काठाने वर चढत होती.

त्याने शेवटची गाठ चाचपली. मग तो वाकून अंतरपाटाखालून पलीकडे गेला, शेवंतीला दोन्ही हातांनी उचललं, दोनशे माणसांमधून वाट काढत अंगणाच्या कडेला नेलं आणि गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीत उभं केलं. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. बाजूला फुलांची टोपली होती. फुलं त्याने ओतून टाकली आणि टोपली तिच्या डोक्यावर पालथी घातली.

वाजंत्री थांबली. मुहूर्त टळू नये म्हणून भटजी मात्र थांबले नाहीत. ते म्हणतच डोणीपर्यंत आले. शेवटची ओळ संपली आणि सवयीने सगळ्यांनी अक्षता टाकल्या. त्या टोपलीवर तडतड वाजल्या.

तातू धावत आला. "चूक," तो म्हणाला. "ही चूक आहे. मी सांगितलं होतं."

"होय, मामा," गुणाजी म्हणाला. "चूकच आहे, पण मनाला लावून घेऊ नका. गुळाचं होतं आणि तुम्ही सकाळपासून उघड्यावर ठेवलंत."

त्याने खांद्यावरचा पंचा काढला, त्याचं एकच मोकळं राहिलेलं टोक शोधलं आणि सासऱ्याच्या हातात दिलं.

"गाठ मारून ठेवा."

तातू टोक धरून उभा राहिला. हुशार जावई एकमेकांकडे बघत होते. बायोआत्या हसून हसून मेढीला टेकली होती. तेवढ्यात टोपलीखालून शेवंती शिंकली आणि म्हणाली, "मारा, बाबा. मुंग्या गेल्या."