कॅमेऱ्याशेजारची जागा

"मग यात माझी चूक कुठं आहे, अण्णा?"

अण्णा हेरवाडकर भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चूक तुझी हाय असं कोण म्हणालं?"

"कुणी नाही. पण..."

"मग इचारतोस कशाला?"

इंद्रजीत चौगुलेनं मांडीवरचा लॅपटॉप उघडला.

अण्णांचं सगळं आयुष्य कोल्हापुरात सिनेमांचं संकलन करण्यात गेलं. रिळं गेली, कात्र्या गेल्या, स्टुडिओही गेले, अण्णा राहिले. कॉलेजात सिनेमा शिकणारी मुलं आता आपापले लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे येतात. अण्णा बघतात, चहा पाजतात आणि फार थोडं बोलतात. ज्यांना कौतुक हवं असतं ती मुलं परत येत नाहीत.

इंद्रजीत वर्गात पहिला. आपण दिग्दर्शक आहोत हे त्याला दिग्दर्शन शिकायच्या आधीच कळलं होतं. पोरगा वाईट नव्हता, पण हुशारी जरा अंगावर मिरवायचा. नवीन चप्पल घेतली की माणूस जसा थोडे दिवस खाली बघत चालतो, तसं त्याचं चाललं होतं.

त्याच्या वर्गात शिवलीला म्हणून एक मुलगी होती, गडहिंग्लजची. वर्गात तिचा आवाज फारसा कुणी ऐकलेला नव्हता. तिनं हॉस्टेलवर बसून एक गाणं रचलं. घरी जायची एसटी चुकलेल्या आणि चुकली म्हणून खूश झालेल्या मुलीचं. 'सुटली तर सुटू दे, एसटी माझी सुटू दे.' गाणं असं खोडकर, की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलावा.

इंद्रजीतनं ते ऐकलं आणि व्हिडिओ करायचं ठरवलं. मसाई पठारावर जाऊन शूटिंग झालं. आता दोन दिवसांनी स्नेहसंमेलनात तो दाखवायचा होता.

आणि काल शिवलीलानं तो बघितला.

"बघून काय म्हणाली?" अण्णांनी विचारलं.

"उठली आणि म्हणाली, माझं नाव काढ. गाणंपण काढ."

"आनि?"

"आणि काही नाही."

अण्णांनी एक शेंग फोडली. वाट बघत राहिले.

"म्हणाली... एवढी वाईट दिसते होय मी?" इंद्रजीत चिडून म्हणाला. "काहीच्या काही! आता फोन उचलत नाही. आज दुपारच्या गाडीनं गावाला निघालीये. मैत्रिणींना सांगितलंय म्हणे, की परत गाणार नाही. अण्णा, तुम्ही एकदा बघा. चांगलं झालंय की नाही सांगा. तुम्ही सांगितलं तर ती ऐकेल."

"लाव."

इंद्रजीतनं लॅपटॉप वळवला. गाणं सुरू झालं.

"आवाज बंद कर."

"अण्णा, गाणं आहे ते!"

"गाणं मला कळतंय. आधी मुकं बघू."

मुका व्हिडिओ चालू झाला. पठारावरून ड्रोन झेपावला. फुलं. पांढरे बूट, उड्या मारणारे. वाऱ्यात उडणारे केस. बांगड्यांचा हात. परत ड्रोन. बूट. ढग. ओढणी. प्रत्येक ठेक्यावर एक कट, एकही चुकलेला नाही.

संपलं. इंद्रजीत अण्णांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"कापाकापी झ्याक केलीयास," अण्णा म्हणाले.

इंद्रजीतचा चेहरा उजळला.

"पोरगी कुठाय?"

"आहे की! हा काय हात. हे केस..."

"हात बघितला. केस बघितले. पायबी बघितले. लग्नाच्या अल्बमात मांडव हाय, आचारी हाय, जिलेबी हाय... नवरी कुठाय, लेका?"

इंद्रजीतनं सुस्कारा सोडला. हा प्रश्न येणार हे त्याला माहीत होतं. उत्तरही तयार होतं.

"तेच तर सांगतोय अण्णा, मी काय करणार? चेहऱ्याचा एक शॉट धड दिला नाही तिनं. कॅमेऱ्यात बघायचं सोडून दुसरीकडेच बघतेय. पठारावर ऊन इतकं, की कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काही दिसत नव्हतं. इथं येऊन बघतो तर सगळे टेक वाया! तरी मी गाणं वाचवलं. तिनं माझे आभार मानायला पाहिजेत खरं तर."

"ते वाया गेलेलं दाखव."

"ते कशाला?"

"दाखव तर."

इंद्रजीतनं न कापलेलं चित्रण काढलं.

पडद्यावर शिवलीला आली. सावळा, गोल चेहरा, कपाळावर वाऱ्यानं आणलेल्या बटा. ती गात होती. डोळे कॅमेऱ्यात नव्हते, हे खरंच. ते जरासे बाजूला होते. पण ते डोळे... अण्णांचे शेंगा सोलणारे हात थांबले.



"परत लाव."

इंद्रजीतनं परत लावलं.

मग अण्णांनी पाण्याचा पेला टेबलाच्या मधोमध ठेवला. त्याच्यासमोर, थोड्या अंतरावर, एक शेंग उभी केली. ती पडली. परत उभी केली.

"ह्यो कॅमेरा. ही तुझी लीला. बरोबर?"

"बरोबर."

त्यांनी दुसरी शेंग इंद्रजीतच्या हातात दिली.

"ती जिकडं बघतीया, तिथं ही ठेव."

इंद्रजीतनं पडद्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं आणि शेंग पेल्याच्या अगदी शेजारी ठेवली.

"हितं काय हुतं?"

"काही नाही. मोकळं पठार."

"बरं."

चित्रण चालूच होतं. दुसऱ्या कडव्यात, ओळीच्या मध्येच, शिवलीला एकदम हसली. खुदकन. हसू दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि तशीच हसत हसत पुढची ओळ गायली.

"हितं का हसली?"

"हा टेकपण वाया गेला."

"का हसली, त्ये इचारलं. मोकळ्या पठाराकडं बघून कोन हसतंय व्हय?"

"ते..." इंद्रजीत आठवू लागला. "मी ओळ चुकलो होतो."

"तू? गात ती हुती का तू?"

"मी नुसते ओठ हलवत होतो, अण्णा. ती विसरू नये म्हणून. मी एसटीच्या जागी..."

तो थांबला.

टेबलावरच्या शेंगेकडे बघत राहिला.

बाहेर भंगारवाल्याची आरोळी आली आणि गेली.

"सकाळी ती फार घाबरली होती," इंद्रजीत हळू म्हणाला. "कॅमेरा समोर आल्यावर घशातून आवाजच निघेना. रडायला लागली. मला जमायचं नाही, घरी जाते, म्हणाली. मग मी म्हणालो... कॅमेरा नाहीच असं समज. मी इथं शेजारी उभा राहतो. मला म्हणून दाखव."

"मग?"

"मग म्हणाली ना. एकदम म्हणाली..."

 उगाच बोलून दुसऱ्याचं दुखणं हलकं करायची सवय अण्णांना नाही.

पडद्यावर शेवटचं कडवं आलं. तिथं मात्र शिवलीला वेगळीच दिसत होती. डोळे डावीकडे, उजवीकडे, मागे. ओठ हलत होते, पण जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखी ती सगळीकडे बघत होती.

"हितं काय झालं?"

"हे कडवं तर साफ गेलं. पार बावरलीये. म्हणून मी तिथं पूर्ण ड्रोनच..."

ड्रोन हा शब्द तोंडातून निघाला आणि इंद्रजीत मध्येच गप्प झाला.

"ड्रोन कोन उडवत हुतं?"

"...मी."

"कुटनं?"

"टेकाडामागून. म्हणजे... मी फ्रेममध्ये दिसू नये म्हणून."

"तिला सांगून गेलास?"

इंद्रजीतनं मान हलवली. नाही.

अण्णांनी पेल्याशेजारची शेंग उचलली, फोडली, दाणे तोंडात टाकले आणि चावू लागले.

टेबलावर पेला राहिला. आणि त्याच्यासमोर ती एकटी शेंग, तोल सांभाळत उभी.

इंद्रजीतनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वर्गात पहिला येणारा पोरगा तो, पण रडताना माणूस कितवा आला हे कोण बघतंय?

"अण्णा, तिला वाटलं, मी तिचा चेहरा काढून टाकला. चांगला नाही म्हणून. आणि ती... ती माझ्यावरच भरवसा टाकून... मी किती गाढव आहे, अण्णा."

"त्ये मग ठरवू. गाडी किती वाजता हाय तिची?"

इंद्रजीतनं घड्याळ बघितलं आणि उठला. लॅपटॉप तसाच उघडा राहिला. एका पायात चप्पल घालून, दुसरी हातात घेऊन तो जिना उतरला. दिग्दर्शक असा धावताना पेठेनं पहिल्यांदाच बघितला.

स्टँडवर दोघांचं काय बोलणं झालं ते दोघांनाच ठाऊक. इतकंच कळतं, की गडहिंग्लजची गाडी फलाटाला लागली, भरली आणि निघून गेली. ज्या मुलीनं ते गाणं रचलं होतं, तिनं ती सुटू दिली.

उन्हं कलताना अण्णांच्या दारात दोघं उभे होते. शिवलीलाच्या खांद्यावर पिशवी होती. ती उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हती.

"ये बाळ," अण्णा म्हणाले. "शेंगा खा. गडहिंग्लजच्याच हाईत."

ती आली, पण खुर्चीच्या अगदी कडेवर बसली.

"अण्णा, मी फक्त चहा पिऊन जाणार. ह्यानं लई गयावया केली म्हणून आलोय. व्हिडिओ मला परत बघायचा न्हाई."

"त्यो नकोच बघू. त्यात बघण्यासारकं काय बी न्हाई."

इंद्रजीतनं खाली बघितलं.

अण्णांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. वाया गेलेलं चित्रण लावायला इंद्रजीतला नुसती खूण केली.

ह्या वेळी आवाज चालू होता.

शिवलीलानं आधी तोंड फिरवलं. मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. मग सरळ बघू लागली. पडद्यावरची ती ओळीच्या मध्येच खुदकन हसली, तेव्हा खुर्चीतल्या तिलाही हसू फुटलं.

"एसटीच्या जागी ह्यो 'इस्त्री' म्हणाला हुता, अण्णा! इस्त्री माझी सुटू दे!"

अण्णा मोठ्यानं हसले. इंद्रजीतही हसला, पण त्याचे डोळे ओलेच होते.

गाणं पुढे चाललं. शिवलीलाचं हसू हळूहळू विरलं. ती स्वतःच्याच चेहऱ्याकडे बघत राहिली. असा चेहरा आरशात दिसत नाही. आरशासमोर आपण एकटेच असतो.

"मी... अशी दिसत हुतो?"



"लीला," इंद्रजीत म्हणाला, "मला वाटलं, तू चुकीच्या जागी बघतेयस. खरंच वाटलं. मला माफ कर."

ती बोटानं टेबलावरच्या टरफलाशी खेळत राहिली.

"शेवटच्या कडव्याला तू कुटं गेला हुतास?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं, असं इंद्रजीतला वाटलं.

"ड्रोन उडवायला."

"मला वाटलं, मी चांगलं म्हणंना म्हणून गेलास."

 इंद्रजीतनं जोरजोरात मान हलवली. नाही. नाही.

चहा आला. तिघांनी प्यायला. चहा संपला तरी शिवलीला उठली नाही. पिशवी मात्र तिनं खांद्यावरून काढून खाली ठेवली.

"उद्या सकाळी पठारावर जाऊ," इंद्रजीत म्हणाला. "शेवटचं कडवं परत घेऊ. बाकी सगळं... तू हसलीस ते, मी वाया म्हणालो ते, सगळं घेतो. ड्रोन नेत नाही. येशील?"

शिवलीलानं अण्णांकडे बघितलं.

"माझ्याकडं कशाला बघतीस? मी काय कॅमेऱ्याशेजारी उभा राहणार हाय?"

ती लाजली. मग इंद्रजीतकडे बघून तिनं मान डोलावली.

इंद्रजीतच्या जिवात जीव आला. आणि जीव आला तसा त्याच्यातला दिग्दर्शकही परत आला. त्यानं खुर्ची पुढे ओढली.

"अण्णा, एकच विचारतो. हे शेवटचं कडवं. ह्यात कट कुठं घ्यायचा?"

"तिनं नजर काढून घेतली की."

"आणि... नाहीच काढली तर?"

अण्णांनी ताटलीतून एक शेंग उचलली. फोडली नाही. पेल्याच्या शेजारी, आधी होती त्याच जागी, परत ठेवली.

"मग तूबी जागचा हलू नकोस."