वासराच्या कातड्यावरचा आवाज

फार जुन्या काळची गोष्ट. युरोपातल्या एका थंड मुलखात लोक बोलत एका भाषेत आणि लिहीत दुसऱ्याच भाषेत. लिहायची भाषा लॅटिन. प्रार्थना लॅटिनमध्ये, राजाज्ञा लॅटिनमध्ये, थडग्यावरचे शब्दसुद्धा लॅटिनमध्ये. चुलीपाशी, गोठ्यात आणि भांडणात जी बोली चाले, ती लिहिता येते हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

तिथे जंगलाच्या कडेला एक गाव होतं. गावाचा कायदा एका म्हाताऱ्याच्या तोंडी होता. वाळलेलं लाकूड कोणी न्यायचं, डुकरं कुठे चारायची, विधवेचा वाटा कोणता, सगळं त्याला पाठ. दर वसंतात तो मोठ्या शिळेवर उभा राहून ते म्हणे. शेवटी अख्खं गाव ओरडे, "होय, हेच आमचं!" ही ओरड झाली नाही, तर कायदा कायदा ठरत नसे.

एका वर्षी राजाचा निरोप आला. "जंगल तुमचं की माझं? वसंतसभेत कायदा ऐकवा. सभेनं होय म्हटलं तर तुमचं, नाहीतर माझं."

गाव हादरलं. म्हातारा अंथरुणाला खिळला होता, आणि दुसऱ्या कोणालाच कायदा सबंध येत नव्हता. जंगल गेलं तर हिवाळ्यात चूल पेटणार नव्हती.

लोकांनी मठातल्या लेखनिकाला आणलं. म्हातारा सांगत गेला, लेखनिक वासराच्या कातड्यावर लॅटिनमध्ये लिहीत गेला. मग त्यानं ते मोठ्यानं वाचलं.

म्हाताऱ्याची बायको म्हणाली, "गोड आहे हो. कोणाच्या लग्नातली प्रार्थना?"

"आजी, तुमचाच कायदा आहे!"

"माझ्या नवऱ्याचं बोलणं मी जन्मभर ऐकलंय. यात तो कुठेच नाही."

म्हातारा खोकत म्हणाला, "मग सभेत होय कोण म्हणणार? लेकरा, मी बोलतो तसंच लिही."

लेखनिक दचकला. "आजोबा, ही अक्षरं देवाच्या शब्दांची. त्यांत डुकरांचं कसं लिहू?"

"डुकरं कोणी केली रे?"

लेखनिकानं चाकू घेतला आणि लिहिलेलं सगळं खरवडून काढलं.

मग तो पुन्हा लिहू लागला. काही आवाजांना अक्षरच नव्हतं. म्हाताऱ्याच्या ओठांकडे बघत तो एकेक शब्द जुळवी, वाचून बघे, आणि शब्द खरोखर उमटला की श्वास रोखून बघत राही. त्याच्या आईनं त्याला ज्या शब्दांनी निजवलं होतं, ते शब्द त्याच्यासमोर काळ्या शाईत उभे होते.

वसंत यायच्या आधीच म्हातारा गेला.

सभा भरली. राजा घोड्यावर बसून होता. लेखनिक शिळेवर चढला आणि वाचू लागला, "ऐका, बाळांनो. उभं झाड पाखरांचं, पडलेलं झाड कुडकुडणाऱ्याचं..."

बाप्यांनी टोप्या काढल्या. म्हातारी तोंडावर हात ठेवून उठली. "अगं बाई! हे तर आमचे धनीच बोलतायत!"

लेखनिक वाचत राहिला. मातीत गेलेला माणूस गावाला त्याचा कायदा सांगत होता, त्याच्याच शब्दांत. शेवटचा शब्द संपला आणि अशी ओरड उठली की जंगलातली पाखरं आभाळात उधळली. "होय, हेच आमचं!"

राजा घोड्यावरून उतरला. त्यानं त्या कातड्यावरून हलकेच बोट फिरवलं.

"मी आईशी ज्या भाषेत बोललो," तो हळूच म्हणाला, "ती अशी दिसते होय?"

जंगल गावाचंच राहिलं. पुढच्या हिवाळ्यात प्रत्येक घरात चूल पेटली, आणि राजानं आपल्या आज्ञाही लोकांच्या बोलीत लिहवून घ्यायला सुरुवात केली.

बोध एवढाच: ज्या बोलीत माणसं जगतात, ती बोली लिहिण्याच्या मानाची असते.